राज्याच्या राजकारणात महिला : नवी मुंबईचा दाखला आणि आपला कारखाना



ऊस विकास खात्याचा लेख म्हटल्यावर बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त किंवा खोडव्याची निगा यांविषयी चार गोष्टी असतील, अशी आपली अपेक्षा असणार. ते विषय आहेतच, पुढील अंकी घेऊ. परंतु गटागटांतून फिरताना आम्हाला एक प्रश्न सारखा ऐकू येतो. "साहेब, विधानसभेत बायकांना तेहतीस टक्के जागा होणार म्हणतात. मग आपल्याकडनं उभं कोण राहायचं?" विचारणारे निम्मे सभासद हसत विचारतात, निम्मे काळजीनं विचारतात. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून त्याची नीट फोड करावी या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आपलं हे पत्रक कोणत्याही पक्षाचं नाही, तेव्हा पक्षांची नावं येतील ती केवळ हकीकत सांगण्यापुरती.

आजचा हिशेब

आधी आकडे बघू. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. २०१४ साली त्यांतून २० महिला निवडून आल्या, २०१९ साली २४ आणि २०२४ साली २१. म्हणजे शंभरात सात-आठ. २०२४ च्या निवडणुकीत एकूण ४,१३६ उमेदवार उभे होते, त्यांत महिला ३६३. शंभरात नऊसुद्धा नाहीत.

काही जण म्हणतात, बायका मतदानालाच येत नाहीत. तेही खरं नाही. २०१९ साली राज्यातील महिलांचं मतदान साठ टक्क्यांच्या आत होतं, २०२४ साली ते पासष्टच्या पुढे गेलं. पुरुषांच्या आणि त्यांच्या मतदानात दोन टक्क्यांचाही फरक राहिला नाही. मत द्यायला बाई रांगेत उभी आहे, मत मागायला मात्र ती दिसत नाही. ही गळती मधल्या पायऱ्यांवर होते. पाटाचं पाणी धरणातून पुरेसं सुटतं आणि शेवटच्या वाफ्याला पोचत नाही, तेव्हा आपण धरणाला दोष देत नाही, पाट कुठं फुटलाय ते बघतो. तसंच इथं बघायला हवं.

तिकीट कसं ठरतं?

राज्य पातळीवरचा पक्ष म्हणजे एक शिडी असते. खाली मतदान केंद्राची म्हणजे बूथची समिती, त्यावर गट किंवा प्रभाग, मग तालुका, जिल्हा आणि सर्वांत वर प्रदेश कार्यकारिणी. बहुतेक पक्षांत महिलांची वेगळी आघाडी किंवा मोर्चा असतो. सभेला बायका जमवणं, हळदी-कुंकू, घरोघरी प्रचार ही कामं या आघाडीकडे येतात. मात्र उमेदवार ठरवणारं मंडळ निराळं असतं आणि त्यात महिलांच्या खुर्च्या थोड्या असतात.

शेवटी सगळं येऊन थांबतं ते ए आणि बी फॉर्मवर. पक्षातर्फे उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला आहे ते 'ए' फॉर्म सांगतो आणि पक्षाचा उमेदवार कोण ते 'बी' फॉर्म सांगतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत हे दोन्ही कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडले नाहीत, तर वीस वर्षं सतरंज्या उचललेल्या कार्यकर्तीलाही पक्षाचं चिन्ह मिळत नाही.

फॉर्म कोणाच्या हाती पडतो? सगळे पक्ष एकच हिशेब करतात : निवडून येईल कोण? म्हणजे खर्च कोण करील, माणसं कोणाकडे आहेत, गावोगाव ओळख कोणाची आहे. विधानसभेसाठी अनामत रक्कम १०,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,०००. ती कोणीही भरील. पण एका उमेदवाराच्या खर्चाची कायदेशीर मर्यादाच ४० लाख रुपये आहे. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिनं हे पैसे उभे करायचे कुठून? आणि माणसं, ओळख? ती मिळते संस्थांतून. आपल्या भागात आमदारकीची वाट कुठून जाते, हे सभासदांना आम्ही सांगावं असं नाही. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, बाजार समिती. या संस्थांच्या मंडळांवर बाई नसेल तर तिची विधानसभेची वाट सुरू होण्याआधीच बंद होते.

नवी मुंबईत काय घडलं?

आता एक दाखला घेऊ. नवी मुंबई आपल्याला परकी नाही. वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारात आपल्याकडचा गूळ जातो, भाजीपाला जातो. घाटावरची कितीतरी पोरं तिथं माथाडी म्हणून गेली आणि कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत संसार थाटून राहिली. सुट्टीला गावी आली की तिकडच्या निवडणुकांच्या गोष्टी सांगतात.

तिथं ना ऊस, ना कारखाना. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं. भातशेती, मिठागरं आणि खाडीची मासेमारी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज त्यात भरडला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या बाजूला दास्तान फाटा आणि नवघर येथे गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती या लढ्यामुळे.

१ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १९९५ साली तिची पहिली निवडणूक झाली. काळ महत्त्वाचा होता. त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली होती आणि स्थानिक संस्थांत महिलांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या होत्या. म्हणजे नवी मुंबईत महापालिकेचा जन्म आणि महिलांच्या राखीव जागा यांची लागण एकाच हंगामातली. जुन्या शहरांत बसलेल्या पुढाऱ्यांना उठवून बायकांना जागा द्यावी लागली. इथं पहिल्या सभागृहापासूनच त्यांच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. २०११ साली राज्याने स्थानिक संस्थांतलं हे आरक्षण निम्म्यावर नेलं. २०१५ च्या निवडणुकीत १११ पैकी निम्म्या जागा महिलांसाठी राखीव होत्या.

या शहरातून बेलापूर विधानसभा मतदारसंघात मंदा म्हात्रे निवडून येतात. त्या आधी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये होत्या, विधान परिषदेच्या सदस्य होत्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षातर्फे उभ्या राहिल्या आणि नवी मुंबईच्या राजकारणावर ज्यांची वर्षानुवर्षं पकड होती त्या गणेश नाईक यांना त्यांनी १,४९१ मतांनी हरवलं. २०१९ च्या निवडणुकीआधी नाईकच त्यांच्या पक्षात आले. आता बेलापूरचं तिकीट कोणाला, असा प्रश्न उभा राहिला. तिकीट म्हात्रे यांच्याकडेच राहिलं आणि त्या चाळीस हजारांवर मतांनी निवडून आल्या. २०२४ साली गणेश नाईक यांचे पुत्र संदीप नाईक भाजपचं शहराध्यक्षपद सोडून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षातर्फे त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. म्हात्रे जिंकल्या, पण किती मतांनी? ३७७.

कोण बरोबर, कोण चूक हा आमचा विषय नाही. ध्यानात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. बेलापूर ही जागा महिलांसाठी राखीव नाही. खुल्या लढतीत तीन वेळा एका बाईनं ती जिंकली, त्यांतल्या दोन वेळा एका मोठ्या राजकीय घराण्यासमोर. एकदा चाळीस हजारांनी आणि एकदा पावणेचारशेनं. पावणेचारशे मतं म्हणजे एखाद्या लहान वाडीची मतं. अशा वेळी मोठ्या सभा कामाला येत नाहीत. बूथवरची माणसं कामाला येतात, दारोदारची ओळख कामाला येते. ती ओळख वर्षानुवर्षं संस्थेत आणि सभागृहात राबल्याशिवाय होत नाही.

परंतु दाखल्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या शहरात निम्म्या नगरसेविका, त्या शहरातला दुसरा मतदारसंघ ऐरोली. २००९ साली तो नव्यानं झाला, तेव्हापासून २०२४ पर्यंतच्या चार निवडणुकांत तिथून एकही महिला आमदार झालेली नाही. खालच्या पायरीवर पन्नास टक्के आणि वरच्या पायरीवर बोटावर मोजण्याइतक्या, हे चित्र नवी मुंबईतही आहेच. त्यातच मे २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली साडेपाच वर्षं प्रशासकाची. राखीव जागा म्हणजे बायकांची राजकारणाची शाळा. तीच साडेपाच वर्षं बंद राहिली तर वरच्या वर्गात मुली जाणार कशा? रोपवाटिकाच सुकली की लागणीला रोप मिळत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्या राज्यात वाटा किती?

मागं वळून पाहिलं तर राज्याच्या राजकारणात वर गेलेल्या महिला मुख्यतः तीन वाटांनी गेल्या.

पहिली वाट चळवळीची. मृणाल गोरे यांचं काम गोरेगावातून सुरू झालं, १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत गेल्या. पाण्याच्या प्रश्नावर लढल्या म्हणून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ साली अहिल्या रांगणेकर आदी भगिनींबरोबर त्यांनी महागाईविरुद्ध लाटणी हाती घेऊन मोर्चे काढले. त्याच वर्षी त्या विधानसभेत गेल्या आणि १९७७ साली लोकसभेत.

दुसरी वाट पक्षाची. प्रतिभा पाटील १९६२ साली जळगावमधून आमदार झाल्या तेव्हा वयाची तिशीसुद्धा झाली नव्हती. पुढं एदलाबादमधून चार वेळा निवडून आल्या, मंत्री झाल्या, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या, प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि २००७ साली देशाच्या राष्ट्रपती. पक्षानं पायरीपायरीनं जबाबदारी दिली तर माणूस कुठवर जातं याचं हे उदाहरण.

तिसरी वाट घराण्याची. वडील, सासरे, पती किंवा भाऊ राजकारणात, म्हणून तिकीट. या वाटेनं आलेल्या सगळ्याच नामधारी असतात असं कोणी समजू नये. पुष्कळ जणींनी स्वतःच्या कर्तृत्वावर जागा राखल्या. पण वाट हीच एक उरली तर साध्या शेतकऱ्याच्या घरातली हुशार सून कुठं जाणार?

चौथी वाट १९९३ नंतरची, राखीव जागांची. ती अजून जिल्हा परिषद आणि महापालिकेपाशीच अडलेली आहे. तिथंही 'सरपंच पती' नावाचं तण माजलेलं आपण बघतो. खुर्चीवर बाई, सहीला बाई, बोलायला मालक. तण आहे म्हणून पीक उपटून टाकायचं नसतं, खुरपणी करायची असते.

नवा कायदा काय म्हणतो?

२०२३ साली संसदेनं एकशे सहावी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभा यांत एक-तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवण्याची ही तरतूद. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागांतही एक-तृतीयांश त्या त्या समाजातील महिलांना. विधान परिषद आणि राज्यसभा यांना ती लागू नाही. दुरुस्तीतच अट अशी घातली की, त्यानंतरची पहिली जनगणना, तिच्या आधाराने मतदारसंघांची फेररचना आणि मग आरक्षण. मुदत पंधरा वर्षांची.

आजच्या २८८ जागा धरल्या तर एक-तृतीयांश म्हणजे ९६. आज एकवीस आहेत. म्हणजे आहेत त्याच्या साडेचारपट महिला उमेदवार निवडून येण्याच्या तयारीत हव्यात. एकेका जागेला दोन-तीन पक्ष धरले तर दोनअडीचशे महिला राज्यभर तयार पाहिजेत. आडसाली उसाला सुद्धा सोळा-अठरा महिने द्यावे लागतात. पुढारी तयार व्हायला दहा वर्षं लागतात.

कायद्याची वाट न बघता पक्षांनी आपण होऊन पावलं टाकली, असंही घडलं आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ओडिशात बिजू जनता दलानं २१ पैकी ७ तिकिटं महिलांना दिली, त्यातल्या पाच जणी निवडून आल्या. बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसनं ४२ पैकी १७ दिली. परदेशात अर्जेंटिनानं १९९१ सालीच पक्षांच्या याद्यांत महिलांचा तीस टक्के वाटा कायद्यानं ठरवला. रवांडा या आफ्रिकेतील लहानशा देशानं २००३ च्या घटनेत तीस टक्क्यांची अट घातली, आणि आज तिथल्या कनिष्ठ सभागृहात निम्म्याहून अधिक सदस्य महिला आहेत. 'बायका निवडून येत नाहीत' हे म्हणणं या आकड्यांपुढं टिकत नाही.

आपल्या कारखान्यापासून सुरुवात

आता मूळ प्रश्नाकडं येऊ : आपल्याकडनं उभं कोण राहायचं?

आम्ही ऊस नोंदीला जातो तेव्हा लागणीची तारीख, बेण्याची जात, खताचा हप्ता, कुठल्या सरीत पाणी तुंबतं हे घरातली बाई अचूक सांगते. नोंदीवर सही मात्र मालकाची. तोडणीला नवरा-बायको दोघं राबतात, त्या दोघांचा मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. काम दोघांचं, नाव एकाचं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून उसाची नोंद नाही. नोंद नाही म्हणून शेअर नाही. शेअर नाही म्हणून सभासदत्व नाही, मत नाही. मत नाही तर संचालक मंडळाची निवडणूक नाही, आणि तिथं नाही तर तालुक्याच्या राजकारणातही नाही. पाट फुटलाय तो असा अगदी वरच्या तोंडाला, आपल्या बांधावर.

तो बांधण्याचे मार्ग नवे नाहीत. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन भरलं. त्यातून पुढं 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम निघाली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. १९९२ साली सरकारनं त्याला धरून योजना काढली. १९९४ साली राज्याच्या कायद्यानं आणि २००५ साली केंद्राच्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. कायदा झाला, पण सातबारा उघडून बघा, किती घरांत तो उतरला ते.

सहकारातही तरतूद आहे. २०१३ च्या दुरुस्तीनं महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव झाल्या. मंडळ जास्तीत जास्त एकवीस जणांचं. एकविसात दोन म्हणजे शंभरात दहाही नाहीत. विधानसभेचा आकडा आणि हा आकडा एकमेकांच्या जवळपास आहेत, हा केवळ योगायोग असं आम्हाला वाटत नाही. शिवाय दोन ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. गटातून उत्पादक सभासद म्हणून उभं राहायला बाईला कोणतीही आडकाठी नाही.

तेव्हा प्रत्येक घरानं करता येण्याजोग्या काही गोष्टी सुचवतो.

पहिली, सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याचा विचार घरात बसून करावा. नाव लागलं की त्या क्षेत्राची ऊस नोंद तिच्या नावे घ्यायला आमच्या गट कार्यालयात यावं.

दुसरी, सभासदाच्या निधनानंतर वारस नोंद वर्षानुवर्षं पडून राहते, आणि तोवर त्या घराचं मत बुडतं. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन शेअर्स विभागात वेळेत अर्ज द्यावा, आणि वारस लावताना आईला डावलून थेट थोरल्या मुलाचं नाव लावण्याची घाई करू नये.

तिसरी, ज्या भगिनी आधीच सभासद आहेत त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेला स्वतः यावं. अहवाल घरी येतो, तो वाचावा. उतारा किती, तोडणी-वाहतूक खर्च किती, कर्ज किती हे विचारावं. पहिल्या वर्षी आवाज कापरा होईल, तिसऱ्या वर्षी होणार नाही. विधानसभेत अर्थसंकल्पावर बोलायची तालीम ताळेबंदावर बोलूनच होते.

चौथी, आणि ही पुरुष सभासदांसाठी : बायको, सून, बहीण निवडून आली तर तिच्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची मांडू नये. गाडी चालवून सभेपर्यंत सोडावं, आणि बाहेर चहा घ्यावा.

आपल्या तालुक्यातली जागा राखीव झाली, तर अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कोणा पुढाऱ्याच्या घरात 'कोण बाई उभी करायची' अशी शोधाशोध होईल, की दहा वर्षं संस्थेत राबलेली, ताळेबंद वाचणारी, गावोगाव ओळख असलेली सभासद पुढं येऊन 'मी उभी राहते' म्हणेल? हे दिल्ली-मुंबईत ठरणार नाही. या हंगामात आपल्या शेअर्स विभागाच्या रजिस्टरात किती नवी नावं चढतात, त्यावर ते बरंचसं अवलंबून आहे. रजिस्टर उघडं आहे. कागद घेऊन या, लागेल ती मदत आमचे गटप्रमुख करतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी